छोट्या प्लॉटवरचं नवं घर : किंमत नेमकी कशाची?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



समितीने मला 'ज्येष्ठ नागरिकांचे आर्थिक नियोजन' हा विषय दिला होता. तो मी बदलून घेतला. एफडीच्या व्याजदरांबद्दल मी संध्याकाळी कट्ट्यावर इतकं बोलतो की आणखी अर्धा तास बोललो तर समोरच्या खुर्च्या रिकाम्या होतील. शिवाय आपल्याकडे सध्या एक खराखुरा प्रश्न उभा आहे. बी विंगमधले आपले एक सभासद इथला फ्लॅट विकून सहकारनगरमध्ये स्वतंत्र घर घ्यायच्या विचारात आहेत. मुलगा, सून, नातू आणि हे दोघे, सगळ्यांनी एकत्र राहायचं म्हणून. कागद घेऊन ते माझ्याकडे आले, आम्ही दोन-तीनदा घर पाहून आलो. त्यांच्या परवानगीनेच बोलतोय. नाव सांगणार नाही, पण तुम्ही सगळे त्यांच्याकडेच बघताय, त्याला माझा इलाज नाही!

घर असं आहे. मूळचा प्लॉट चार गुंठ्यांचा, 66 फूट बाय 66 फूट. त्यावर साठीच्या दशकातला एक बंगला होता. वडील गेल्यावर दोन भावांनी वाटणी केली. थोरल्याच्या वाट्याला जुना बंगला आला. धाकट्याने मोकळ्या अर्ध्या भागात 2014 मध्ये दुमजली आरसीसी घर बांधलं. म्हणजे प्लॉट दोन गुंठे, 33 बाय 66. बांधकाम 1800 चौरस फूट. गल्ली सहा मीटरची, दोन्हीकडे आंबा, नारळ, पारिजातक, आणि दुपारी दोन वाजता चिटपाखरू नाही. बाईसाहेब फाटकातच म्हणाल्या, "अहो, हेच घ्यायचं." मी म्हटलं, वहिनी, आत तरी जाऊ.

मागितलेली किंमत 3 कोटी 10 लाख. ती आली कुठून, ते एजंटाने सांगितलं. त्या भागात बंगल्याच्या जागेला फुटाला 12 हजार मिळाले आहेत, म्हणून 2178 चौरस फुटांचे 2 कोटी 61 लाख. बांधकाम आज करायचं तर फुटाला अडीच हजार, म्हणून 1800 फुटांचे 45 लाख. वर घासाघिशीसाठी थोडी जागा. हिशेब सरळ दिसतो. बँकेत असताना असे हिशेब माझ्या टेबलावर खूप आले. त्यात बेरीज बरोबर असते, घोळ दराचा असतो.

बांधकामाचं आधी उरकतो, ते सोपं आहे. आरसीसी घराचं आयुष्य व्हॅल्युअर साधारण 60 वर्षं धरतात आणि शेवटी 10 टक्के भंगारमूल्य उरतं असं मानतात. म्हणजे दहा वर्षांत 15 टक्के घसारा. 45 लाखांचे राहिले सव्वाअडतीस. विकणारा म्हणतो, "नवंच घर आहे हो, फरशी बघा." फरशी बघावी, पण फरशीला घसारा सगळ्यांत आधी लागतो. दहा वर्षांचं घर बाजारात 'नवं' म्हणून विकलं जातं ते फक्त शेजारचं घर साठ वर्षांचं आहे म्हणून.

आता जमीन. फुटाला 12 हजार हा दर मिळाला होता तो आठ गुंठ्यांच्या प्लॉटला, आणि तो घेतला होता बिल्डरने. बिल्डर जमीन विकत घेत नाही, त्या जमिनीवर काय उभं राहील ते विकत घेतो. समजा, पुढे दहा फूट आणि मागे व दोन्ही बाजूंना पाच-पाच फूट जागा सोडायची आहे. उंची वाढली की ही मार्जिनंही वाढतात, पण तूर्त एवढीच धरू. आठ गुंठे म्हणजे 66 बाय 132. त्यातून बांधायला उरतं 56 बाय 117, म्हणजे प्लॉटचा पाऊण हिस्सा. आपल्या दोन गुंठ्यांतून उरतं 23 बाय 51, म्हणजे 1173 चौरस फूट, निम्म्याहून जरासं जास्त. त्यातच जिना बसवायचा, त्यातच गाडी. शिवाय वाढीव एफएसआय आणि टीडीआर किती वापरता येईल हे रस्त्याच्या रुंदीवर बरंचसं ठरतं, आणि नऊ मीटरपेक्षा अरुंद गल्लीत तिथे हात आखडता असतो. मग दोन गुंठ्यांतल्या फुटाला आठ गुंठ्यांतल्या फुटाचा भाव कसा लागेल? हे म्हणजे पैठणीच्या भावाने ब्लाउजपीस विकण्यासारखं झालं.

मी फुटाला दहा हजार धरले. हा माझा अंदाज, शास्त्र नव्हे; कोणी साडेनऊ धरील. दहाने जमिनीचे झाले 2 कोटी 17 लाख 80 हजार, बांधकामाचे 38 लाख 25 हजार, एकूण 2 कोटी 56 लाख. मागणीपेक्षा 54 लाख कमी.

हे 54 लाख म्हणजे काय, ते घरात बसून मोजलं. इथला फ्लॅट विकून 1 कोटी 30 लाख येतील, साठवणीतले 35 लाख. बाकी कर्ज मुलाच्या नावावर. पुण्यात मुद्रांक शुल्क 7 टक्के, वर नोंदणीचे 30 हजार. मागितल्या किमतीला घेतलं तर कर्ज 1 कोटी 67 लाखांच्या घरात जातं. साडेआठ टक्के, वीस वर्षं, हप्ता सुमारे 1 लाख 45 हजार. माझ्या आकड्याला मिळालं तर हप्ता 95 हजारांच्या आसपास. दरमहा 50 हजारांचा फरक, आणि तो वीस वर्षं. मुलगा आज 38 वर्षांचा आहे. साठवणीतल्या 35 लाखांत आई-वडिलांच्या दवाखान्याची तरतूदही आलीच, हे मी त्या दिवशी मुद्दाम मुलासमोर बोललो. तो गप्प झाला. वडील म्हणाले, "आमचं काय, होईल." मंडळी, 'होईल' या शब्दावर बँक कर्ज देत नाही. घरातल्यांनीही देऊ नये.

पैशाचं झालं. पण वाटणी होऊन तयार झालेल्या घराचा खरा गुंता कागदात आणि जमिनीखाली असतो.

वाटणीपत्र नोंदणीकृत आहे का? नुसत्या स्टॅम्पपेपरवर भावाभावांनी लिहून ठेवलेलं असलं तर तिथेच थांबावं. बहिणी आहेत का, त्यांच्या सह्या आहेत का? प्लॉटची विभागणी महापालिकेने मंजूर केली आहे का आणि नगर भूमापन कार्यालयात दोन वेगळ्या मिळकत पत्रिका निघाल्या आहेत का? इथे पत्रिका वेगळी निघालेली आहे, चांगली गोष्ट. दुसरं, सहकारनगरसारख्या भागात जमीन मुळात कोणाची, हे विचारावंच लागतं. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, त्यानंतर पूरग्रस्तांच्या संस्थांना सरकारने जमिनी दिल्या. काही ठिकाणी जमीन संस्थेची आणि घर सभासदाचं, अशीही रचना असते. अशा जागी हस्तांतराला कोणाची परवानगी लागते, शासनाच्या अटी काय, हे वकिलाकडून लेखी घ्यावं. विकणारा करपावती दाखवतो आणि म्हणतो, सगळं क्लिअर आहे. करपावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा. अनधिकृत बांधकामालाही कर लागतो, उलट दंडासह लागतो. मागायचा तो मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र. इथे भोगवटा पत्र आहे, पण वरच्या मजल्यावर गच्चीच्या कोपऱ्यात जी खोली आहे, ती मला त्या काळातली वाटली नाही. विटांचा रंग वेगळा दिसतो.

आता जमिनीखाली. मूळ बंगला एकाच कुटुंबाचा, त्यामुळे पाण्याचं कनेक्शन एक आणि ड्रेनेजची लाइनही एक. वाटणी झाली ती वरची, खाली पाइप तेच. या घराचं सांडपाणी थोरल्या भावाच्या आवारातल्या चेंबरमधून रस्त्यावर जातं! मी झाकण उचलून पाहिलं, बादलीभर पाणी ओतून पाहिलं. दोघा भावांत चालून गेलं, उद्या परक्याला कोण चालू देईल? थोरल्यांचं वय ऐंशी. सज्जन गृहस्थ आहेत, चहा पाजला. पण त्यांची मुलं बंगळुरूला असतात, त्यांच्याशी गाठ पडेल तेव्हा काय? तो वहिवाटीचा हक्क खरेदीखताच्या वेळी थोरल्यांच्या सहीने नोंदवून घ्यायचा, नाहीतर स्वतंत्र लाइन टाकण्याचा खर्च किमतीतून वजा करायचा. याशिवाय पुढे जाऊ नका, असं मी स्पष्ट सांगितलं आहे.

आणि एक लक्षात घ्या. पुढे कधी हे घर विकायची वेळ आली, तर या दोन गुंठ्यांना सगळ्यांत जास्त भाव देऊ शकेल असं गिऱ्हाईक एकच, शेजारचा. दोन्ही मिळून पुन्हा चार गुंठे होतात. त्यामुळे थोरल्यांच्या मुलांशी आधी बोलून घेणं ही नुसती माणुसकी नाही, त्यात पैसाही आहे.

पाण्याचं दुसरं रूपही पाहिलं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबील ओढ्याने त्या बाजूला काय केलं ते आपण पेपरात वाचलं, काहींनी डोळ्यांनी पाहिलं. घर ओढ्यापासून किती लांब, हे नकाशावर कळतं. पाणी कुठपर्यंत आलं होतं, हे कोपऱ्यावरच्या वाण्याला कळतं. त्याला विचारलं. त्याच्या पायरीपर्यंतही आलं नव्हतं. तरी मी जुलैत, भर पावसात पुन्हा जाऊन आलो. जोतं रस्त्यापेक्षा दोन फूट उंच आहे, ते बरं. जुन्या गल्ल्यांत डांबराचे थर चढत-चढत रस्ताच घराच्या वर जातो.

मला विचाराल तर घर वाईट नाही. बांधकाम नीट आहे, भिंतीत ओल नाही, पूर्वेचा उजेड स्वयंपाकघरात येतो. पण तो उजेड समोरच्या एका मजल्याच्या बंगल्यामुळे येतो, आणि त्या बंगल्याच्या फाटकावर बिल्डरचा बोर्ड लागलेला आहे. सात मजले उठले की स्वयंपाकघरात दिवसा दिवा. जुन्या वस्तीची शांतता आपण पैसे देऊन घेतो, पण ती खरेदीखतात लिहून मिळत नाही. झोपायच्या खोल्या दोन्ही वर आहेत. पंचाहत्तरीनंतर वरची बेडरूम म्हणजे मोठं कपाट! खालच्या दिवाणखान्यात पार्टिशन घालून एक खोली आणि बाथरूम काढता येईल, त्याचे चार-पाच लाख वेगळे धरा. आणि आपल्याकडे पंप जळला की 48 घरांत वाटला जातो. तिथे पंप आपला, टाकी आपली, रात्री फाटकाला कुलूप लावायचं तेही आपणच.

आपल्यापैकी काही जण स्वतंत्र घराऐवजी पेठेतल्या नाहीतर कर्वे रोडच्या आतल्या गल्लीतल्या नव्या छोट्या इमारतीत फ्लॅट बघतायत. त्यांच्यासाठी एकच सांगतो. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठांपेक्षा जास्त नसतील, तर त्या प्रकल्पाला रेरा नोंदणीची सक्ती नाही. 500 चौरस मीटर म्हणजे जेमतेम पाच गुंठे. म्हणजे अशा बऱ्याच इमारती त्या छत्रीबाहेरच असतात. 'रेराचं बघून घेऊ' असं म्हणून चालणार नाही, सगळं आपणच बघायचं. आणि तुमच्या फ्लॅटच्या वाट्याला जमीन किती फूट येते, ते भागाकार करून बघा. आपल्या इथे 30 गुंठ्यांत 48 घरं, म्हणजे घरामागे 680 फूट. तीन गुंठ्यांत आठ फ्लॅट असतील तर 408.

तर आपल्या सभासदांनी गेल्या आठवड्यात 2 कोटी 56 लाखांची ऑफर दिली, ड्रेनेजचा हक्क लेखी देण्याच्या अटीवर. समोरून 2 कोटी 90 लाखांचा निरोप आला आहे. गच्चीतल्या त्या खोलीसाठी मंजूर नकाशाच्या नकलेचा अर्ज महापालिकेत दिला आहे. ती खोली नकाशात नसली, तर 1800 फुटांचा आकडाच खाली येईल आणि बोलणी तिथून पुन्हा सुरू होतील. नक्कल हातात येईपर्यंत टोकन द्यायचं नाही, एवढं मुलाने कबूल केलं आहे.

सेक्रेटरीसाहेब घड्याळ दाखवतायत. कोणाला आपले कागद दाखवायचे असतील तर रविवारी सकाळी दहानंतर घरी या. झेरॉक्स आणा, मूळ कागद घरीच ठेवा.