मताचा अधिकार आणि जमिनीचा अधिकार
(कोल्हापूर येथे दिलेले भाषण)



राजकीय सत्ता म्हणजे कायदा करण्याची व तो अमलात आणण्याची शक्ती. आर्थिक सत्ता म्हणजे दुसऱ्याची चूल पेटू देण्याची अगर विझविण्याची शक्ती. पहिली कायद्याच्या पुस्तकात लिहिलेली असते. दुसरी कोठेच लिहिलेली नसते. तरीही गावात तिचाच हुकूम आधी पाळला जातो.

हा भेद करवीरच्या राजाने ओळखला होता. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या. पण नोकरी म्हणजे जमीन नव्हे, हे जाणून १९१८ साली त्यांनी महार वतन रद्द केले व वतनी जमिनी रयताव्याने करून दिल्या. गंगाराम कांबळे यांनी याच शहरात चहाचे दुकान काढले, तेव्हा महाराज स्वतः तेथे चहा घेऊ लागले. हुकूम काढण्याची सत्ता ज्याच्या हाती होती, तोच राजा गिऱ्हाईक झाला. कारण केवळ हुकुमाने कोणाचा गल्ला भरत नाही!

ब्रिटिश मुलखात मात्र वतनाची बेडी तशीच राहिली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात वतन विधेयक मांडले. वतने नष्ट करणारा कायदा झाला तो १९५८ साली. मधल्या तीस वर्षांत देश स्वतंत्र झाला, प्रत्येकास मत मिळाले. पण गावकीचा महार राबतच राहिला.

आज काय स्थिती आहे? त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने सरपंचपद राखीव झाले आणि भूमिहीन मजुराची मुलगीही त्या खुर्चीवर बसू शकते. परंतु या जिल्ह्याचे अर्थकारण ज्या सहकारी साखर कारखान्यांभोवती फिरते, तेथे ऊस उत्पादक सभासद होण्यास उसाची जमीन लागते. संचालक मंडळात अनुसूचित जाती-जमातींसाठी कायद्याने जागा राखीव आहे. पण जो सभासदच नाही, त्याला त्या जागेचा काय उपयोग? ग्रामपंचायतीत मत माणसाला आहे. कारखान्यात ते जमिनीच्या वाटेने येते. ऊस तोडणारा हात त्या मतपेटीपर्यंत पोचत नाही.

मग राजकीय सत्ता व्यर्थ आहे काय? मुळीच नाही. वतन मोडले ते कायद्यानेच. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नावाची योजना २००४ साली आली. तिच्यात अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध भूमिहीन कुटुंबास चार एकर जिरायत अगर दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. ही तरतूद मतांच्या बळावर झाली. तिचा अंमलही त्याच बळावर करून घेतला पाहिजे.

म्हणून माझे सांगणे एवढेच : मत मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवारास विचारा, गावातील किती भूमिहीनांच्या नावे सातबारा झाला? ज्याच्याजवळ याचे उत्तर नाही, त्यास आपले मत नाही.