दारातली मोटार आणि वहीतला हिशेब

(मध्यमवर्गीय कुटुंबाच्या अर्थकारणावरील एका व्याख्यानाचे शब्दांकन)



दसऱ्याच्या सकाळी कोणत्याही मोठ्या शहरातील मोटारींच्या दालनासमोर उभे राहिले, तर एकच दृश्य पुन्हा पुन्हा दिसते. झेंडूचा हार घातलेली नवी गाडी, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, गृहिणीच्या हातात पेढ्यांचा पुडा आणि पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली उंचावून छायाचित्र काढून घेणारे कुटुंब. हे दृश्य हिणवण्यासारखे मुळीच नाही. ज्या घरात आजोबांनी आयुष्यभर सायकल दामटली आणि वडिलांनी स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिली, त्या घराच्या दारी मोटार उभी राहते तेव्हा त्या आनंदात तीन पिढ्यांचे कष्ट असतात. पूर्वी श्रीमंतीचे वर्णन करताना दारी हत्ती झुलतो असे म्हणत. मात्र हत्ती बांधणाऱ्याला त्याच्या चाऱ्याचा अंदाज असे. आज मोटार घेणाऱ्याला तो असतो काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

एके काळी हा प्रश्न मध्यमवर्गाला पडतच नसे. अँबॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनी घेण्याची ऐपत मूठभरांची, आणि त्यांनाही ताटकळत बसावे लागे. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८००ची किल्ली ग्राहकाच्या हाती गेली आणि चित्र पालटू लागले. पुढे जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात टाटांची नॅनो अवतरली. 'लाखाची गाडी' हा शब्दप्रयोग घराघरांत पोहोचला. नॅनोचे उत्पादन पुढे दहा वर्षांत थांबले, पण त्या शब्दप्रयोगाने लावलेली सवय टिकून राहिली. गाडीची किंमत म्हणजे दालनातील पाटीवरचा आकडा, अशी ती सवय होय. वास्तविक लाखाच्या गाडीलाही पेट्रोल त्याच भावाचे लागते आणि उभे राहण्यासाठी जमीनही लागते.

आता पाटीमागचा हिशेब मांडू. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरील एक कुटुंब कल्पनेत आणा. मिळवते गृहस्थ एका खाजगी संस्थेत नोकरीस, हाती येणारे वेतन दरमहा ६० हजार. पत्नी, नववीतील मुलगी आणि वृद्ध आई-वडील. त्यांनी पाटीवर ६ लाख किंमत असलेली लहान पेट्रोल गाडी पसंत केली. महाराष्ट्रात अशा गाडीवर ११ टक्के दराने एकरकमी रस्ता कर लागतो, म्हणजे ६६ हजार. विमा आणि नोंदणी धरून गाडी रस्त्यावर येईपर्यंत ७ लाख झाले. २ लाख साठवणीतून दिले, ५ लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले. हप्ता बसला १० हजार ३८० रुपयांचा. साठ हप्त्यांत बँकेला जातात ६ लाख २२ हजारांहून अधिक, म्हणजे केवळ व्याजच १ लाख २३ हजारांच्या घरात.

ही गाडी आठ वर्षे वापरून दोन लाखांस विकली, असे धरू. सात लाखांतून पाच लाख झिजले. व्यापारी लोक ज्याला घसारा म्हणतात तो हाच. नोकरदाराला घसारा दिसत नाही, कारण त्यासाठी खिशात हात घालावा लागत नाही. विमा कंपनीला मात्र तो नेमका दिसतो. गाडीचे घोषित मूल्य ठरवताना पहिल्या वर्षाच्या अखेरीस १५ टक्के आणि पाच वर्षे भरेपर्यंत ५० टक्के घसारा धरण्याची तिची पद्धतच आहे. आठ वर्षांवर विभागले तर या कुटुंबाचा वर्षाला ६२ हजार ५०० रुपये घसारा झाला. कर्जावरील व्याज वर्षाला १५ हजार ४००. साठवणीतून काढलेले २ लाख बँकेत साडेसहा टक्क्यांनी राहिले असते तर वर्षाला १३ हजार मिळाले असते, तेही गेले. पहिल्या वर्षानंतरच्या विम्याची सरासरी १३ हजार धरा. एवढी बेरीज १ लाख ३ हजार ९०० रुपये होते. गाडी इमारतीच्या आवारात नुसती उभी राहिली, चाक एकदाही फिरले नाही, तरी हा खर्च चुकत नाही.

चाक फिरू लागले की पुढचा खर्च. वर्षाला ८ हजार किलोमीटर, लिटरला शहरी रहदारीत १५ किलोमीटर आणि पेट्रोल १०४ रुपये धरले तर ५५ हजार ५०० रुपये. देखभाल, टायर, बॅटरी यांची सरासरी १८ हजार. गाडी पुसणाऱ्याचे मासिक पैसे, वाहनतळ, पथकर आणि अधूनमधून होणारा दंड मिळून १५ हजार. सारी बेरीज १ लाख ९२ हजार ४०० रुपये, म्हणजे महिन्याला १६ हजार. हाती येणाऱ्या वेतनाच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक. एका किलोमीटरला पडतात २४ रुपये. त्या गृहस्थांना विचारले तर मात्र ते 'सात रुपये' असे सांगतील, कारण त्यांच्या लेखी खर्च म्हणजे पेट्रोल.

सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवर आला, तेव्हा खरेदीला उधाण आले. साडेसहा लाखांची गाडी सहाच्या आसपास आली, हे खरेच. परंतु ते ५० हजार आठ वर्षांच्या ६४ हजार किलोमीटरांवर पसरले तर किलोमीटरमागे बचत ऐंशी पैशांचीसुद्धा होत नाही. वीजगाडीने पेट्रोलचा खर्च पुष्कळ घटतो, पण उभ्या गाडीचा खर्च तिलाही चुकत नाही.

येथे रिक्षाशी तुलना केल्यावाचून राहवत नाही. २०२२ च्या दरपत्रकात पुण्यातील रिक्षाचा दर पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये असा ठरला. हा दर महाग म्हणून कपाळाला आठ्या घालणारा गृहस्थ स्वतःच्या गाडीत बसून २४ रुपये मोजत असतो आणि त्याशिवाय चालकाचे कामही स्वतःच करतो. (रिक्षा हात केल्यावर थांबते का आणि मीटरने येते का, हा प्रश्न वेगळा आणि रास्त आहे.)

पण खरी मेख पुढेच आहे. गाडी दाराशी आली की माणसाचा हिशेब फिरतो. जे खर्च व्हायचे ते झालेलेच असतात, त्यामुळे दर फेरीस फक्त पेट्रोलचे सात रुपये डोळ्यांसमोर राहतात आणि बस, रिक्षा, पायी चालणे हे सगळेच महाग किंवा कष्टाचे वाटू लागते. मग कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही गाडी निघते. एखादा काटकसरी गृहस्थ उलट करतो. पेट्रोल वाचवण्यासाठी तो गाडी निम्मीच चालवतो, तेव्हा चार हजार किलोमीटरवर त्याला किलोमीटरला ३७ रुपये पडतात. जास्त चालवली तर खर्च वाढतो, कमी चालवली तर दर वाढतो.

पैशांच्या हिशेबाला तासांचीही एक बाजू आहे. इव्हान इलिच या विचारवंताने १९७४ च्या सुमारास 'एनर्जी अँड इक्विटी' या छोट्या पुस्तकात अमेरिकन माणसाच्या मोटारीचा वेग नव्या पद्धतीने मोजला. गाडीत बसून घालवलेले तास आणि तिचे पैसे मिळवण्यासाठी राबलेले तास त्याने एकत्र केले. वर्षाला १६०० तास आणि ७५०० मैल, म्हणजे ताशी पाच मैलांहून कमी वेग निघाला. हीच रीत आपल्या कुटुंबाला लावा. महिन्याला २०० तास काम धरले तर त्या गृहस्थांचा एक तास ३०० रुपयांचा. १ लाख ९२ हजार ४०० मिळवण्यास ६४१ तास लागतात. शहरात ताशी २० किलोमीटरने ८ हजार किलोमीटर कापण्यास ४०० तास. देखभाल केंद्राच्या फेऱ्या आणि जागा शोधणे यांचे ४० तास. एकूण १०८१ तासांत ८ हजार किलोमीटर, अर्थात ताशी साडेसात किलोमीटरही नाही. सायकलींचे शहर म्हणून ज्या पुण्याची ख्याती होती, तेथे सायकलस्वार याहून लवकर पोहोचत असे.

वर्षाच्या ८,७६० तासांपैकी ही गाडी ४०० तास धावते. उरलेले ८,३६० तास ती उभी असते. तिला लागणारी जागा अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट. मुंबईतील बी.डी.डी. चाळीची खोली १६० चौरस फुटांची होती आणि तिच्यात पिढ्या वाढल्या. इमारतीत जागा नसेल तर गाडी रस्त्यावर उभी राहते आणि तिचे भाडे पादचारी भरतो, कारण त्याला पदपथ सोडून रहदारीत उतरावे लागते. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत जवळजवळ पाचवा हिस्सा पादचाऱ्यांचा, तर सर्वांत मोठा हिस्सा दुचाकीस्वारांचा होता. पुण्यात विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल वीस वर्षेही न होता २०२० मध्ये पाडावा लागला. त्याच्या खर्चात बसने आणि सायकलने जाणाऱ्यांचाही कर होता. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलाचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग बाहेरून येतो, आणि त्याचे मोल परकीय चलनात चुकवावे लागते. यातला कोणताच आकडा गाडीमालकाच्या वहीत येत नाही.

"मध्यरात्री वडिलांच्या छातीत कळ आली तर?" हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो, आणि तो यायलाच हवा. त्या रात्री दाराशी गाडी असण्याचे मोल कोणत्याही वहीत मांडता येत नाही. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, तिच्यात उपचारही सुरू होतात. तरी घरातील माणसाचा धीर फोनवर थांबण्यात टिकत नाही, हे खरे आहे. ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेला रुग्ण आहे, जो डॉक्टर खेड्यापाड्यांत फिरतो, ज्याची पाळी रात्री दोनला सुटते, त्यांनी गाडी जरूर घ्यावी. प्रश्न इतरांचा आहे. सिंहगड रस्त्यावरील त्या कुटुंबात मुलगी नववीत असताना कर्ज काढले गेले. ती बारावी होऊन पदवीच्या प्रवेशाला जाईल, तेव्हा गाडीचे वर्षभराहून अधिक हप्ते बाकी असतील. साठवणीतले २ लाख आधीच गेलेले. मग तिच्या शिक्षणासाठी दुसरे कर्ज निघेल, आणि त्याचे हप्ते तिच्या पहिल्या पगारातून फिटू लागतील. ऋण काढून सण केला की पुढच्या सणाचे ऋण असे मुलांच्या माथी जाते.

ज्यांच्या दाराशी गाडी आहे, त्यांनी आज एक काम करावे. समोरच्या कप्प्यात एक वही ठेवावी. पहिल्या पानावर घसारा, व्याज आणि विमा यांचे मासिक आकडे लिहून ठेवावेत, कारण नेमके तेच विसरले जातात. पुढे महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या तारखेस किलोमीटरचा आकडा आणि मध्ये झालेला प्रत्येक खर्च, दहा रुपयांच्या वाहनतळापासून. महिन्याअखेर भागाकार घरातील नववी-दहावीच्या मुलाकडून करून घ्यावा आणि त्याने काढलेला आकडा रात्री जेवताना सर्वांसमोर वाचावा.