घरचा कॉम्प्युटर दुरून उठवताना

आज कॉम्प्युटरच्या झोपेबद्दल बोलायचं आहे. हसू नका. या झोपेपायी मी बंगळूरच्या एका हॉस्पिटलच्या व्हरांड्यात अख्खी रात्र जागून काढली आहे.

मी सैन्यात सिग्नल्समध्ये होतो. नोकरीत महूला राहणं झालं, माळव्याची हवा मानवली, म्हणून निवृत्तीनंतर जवळच इंदूरला घर केलं. मुलगी बंगळूरला असते, त्यामुळे वर्षातले तीन-चार महिने आम्ही दोघं तिकडे. इंदूरच्या घरी टेबलावर एक कॉम्प्युटर आहे. त्यात पेन्शनचे कागद, फोटो, हिशेब आणि बायकोचे दहा वर्षांचे रिपोर्ट. तो चोवीस तास चालू ठेवायचा नाही, झोपवून ठेवायचा आणि लागेल तेव्हा बंगळूरहून उठवायचा, अशी माझी योजना होती. निघण्यापूर्वी मी ती तपासलीही होती. कॉम्प्युटर झोपवला, फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून बटण दाबलं, आणि पंखा फिरायला लागला. मी खूश.

गेल्या जुलैमध्ये बंगळूरला बायकोच्या छातीत दुखू लागलं. डॉक्टरांना अँजिओग्राफी करायची होती. पूर्वी एकदा त्यातल्या डायची तिला रिअॅक्शन आली होती. पण ती किती होती, तेव्हा कुठली औषधं दिली, हे मला सांगता येईना. कागदात सगळं होतं, आणि कागद त्या कॉम्प्युटरमध्ये. रात्री अकरापासून मी फोनवरचं ते बटण दाबत होतो. काही नाही. तिची तब्येत स्थिर होती म्हणून डॉक्टर सकाळपर्यंत थांबले. सहा वाजता इंदूरच्या शेजारच्या वहिनींना उठवलं. त्यांच्याकडे आमची किल्ली असते. त्या आत गेल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या मायक्रोवेव्हचं घड्याळ लुकलुकतंय. रात्री लाइट गेली होती ना, तीन तास." त्यांनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं, मी इथून फाइल ओढली. पुढचं सगळं नीट पार पडलं. रिपोर्ट फोनमध्ये का नव्हते, हे मुलीनं मला विचारलंच. आता आहेत.

घरी परतल्यावर मी शोध सुरू केला. सिग्नल्समध्ये टेलिफोनची लाइन तुटली की लाइनमन अंदाजानं जोड उकलत बसत नाही. लाइनच्या मध्यावर जातो, फोन जोडतो, इकडून आवाज येतो का, तिकडून येतो का ते बघतो. मग उरलेल्या अर्ध्याचा मध्य. इथेही तेच करायचं. लोक सेटिंग्जमधली दहा बटणं एकदम फिरवतात आणि मग कशानं काय झालं ते कुणालाच कळत नाही.

आधी हे उठवणं चालतं कसं ते सांगतो. कॉम्प्युटर झोपला तरी नेटवर्क कार्डाला थोडी वीज मिळत राहते. ते एकाच खुणेची वाट बघत असतं. तिला मॅजिक पॅकेट म्हणतात. त्यात एफएफ हा आकडा सहा वेळा, आणि मग त्या कार्डाचा स्वतःचा पत्ता, म्हणजे मॅक अॅड्रेस, सोळा वेळा. सगळे मिळून १०२ बाइट. ही खूण दिसली की कार्ड मदरबोर्डाला ढोसतं. एवढंच. वायफायवर हा प्रकार भरवशाचा नाही, केबलच लावा. आणि मॅक पत्ता केबलच्या कार्डाचा द्या. वायफायच्या कार्डाचा वेगळा असतो, आणि तो देऊन दोन दोन दिवस डोकं फोडणारे माझे मित्र आहेत.

आता मध्य कुठला? घरातलाच राउटर. घरच्या वायफायवर असलेल्या फोनवरून कॉम्प्युटर उठतो का ते बघा. उठला नाही तर दोष कॉम्प्युटरमध्ये. उठला तर दोष बाहेरच्या वाटेवर.

कॉम्प्युटरच्या बाजूचं आधी. झोपवल्यावर मागे जिथे केबल लागते तिथला बारीक दिवा बघा. विझला असेल तर बहुधा कार्डाला वीजच नाही. बायोसमध्ये ईआरपी किंवा डीप स्लीप नावाची वीज वाचवायची सोय असते, ती चालू असली की असं होतं. ती बंद करा. दिवा लागलेला असूनही उठत नसेल, तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाचं पॉवर मॅनेजमेंटचं पान उघडा. तिथे या कार्डाला कॉम्प्युटर उठवू द्या, अशा अर्थाची चौकट असते. तिच्याखाली फक्त मॅजिक पॅकेटनंच उठू द्या अशी दुसरी. दोन्हींवर खूण करा. मी सुरुवातीला दुसरी सोडली होती. मग घरातला टीव्ही नेटवर्कवर काही पुटपुटला तरी कॉम्प्युटर उठायचा. रात्री आपोआप कॉम्प्युटर चालू होतो म्हणून भुताखेतांपर्यंत जाऊ नका. कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत पॉवरसीएफजी, जागा, तिरपी रेघ आणि लास्टवेक असं टाइप करा. शेवटचं कुणी उठवलं ते बहुतेक वेळा तो सांगतो. माझ्या भावाकडे गुन्हेगार माउस निघाला.

शटडाऊन केलेल्या कॉम्प्युटरचं वेगळं. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार आला. त्यात शटडाऊन म्हणजे धड बंद नाही, धड झोप नाही. त्या अवस्थेतून मॅजिक पॅकेटनं उठवण्याची सोय विंडोज देत नाही. दुरून उठवायचा असेल तर स्लीप किंवा हायबरनेट करा, शटडाऊन नको.

माझ्याकडे घरातून उठवलं की उठत होता. मग वीज. कॉम्प्युटर स्लीपमध्ये असताना मेमरीला वीज लागते. माझा यूपीएस पंधरा मिनिटांचा, लाइट तीन तास गेलेली. म्हणजे कॉम्प्युटर झोपेतून थेट मेला. लाइट आल्यावर कार्डाला वीज मिळाली, पण बऱ्याच मदरबोर्डांवर विंडोज एकदा चालू होऊन कार्डाला पहाऱ्यावर बसवत नाही, तोवर ते खुणेकडे लक्षच देत नाही. मी मुद्दाम मेन स्विच पाडून हे करून बघितलं. तसंच झालं. बायोसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं याची एक ओळ असते. तिथे चालू हो असं निवडलं. आता लाइट आली की कॉम्प्युटर स्वतः चालू होतो, अर्ध्या तासानं पुन्हा झोपतो, आणि कार्ड पहाऱ्यावर असतं.

दोष सापडला म्हणून मी चहा घेतला. इथेच मी चुकत होतो. सरहद्दीवर लाइन दोन जागी तुटलेली असायची, आणि पहिला जोड लावून परत आलेल्या लाइनमनला पुन्हा थंडीत पाठवावं लागायचं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी आणायला गेलो तेव्हा मंडईतून फोनचं बटण दाबलं. लाइट रात्रभर होती. तरी कॉम्प्युटर उठला नाही.

मग लक्षात आलं, की माझी पहिली चाचणीच खोटी होती. मी तेव्हा कॉम्प्युटर झोपवून दोन मिनिटांत बटण दाबलं होतं. बाहेरून आलेलं पॅकेट राउटर घरातल्या एका आयपी पत्त्यावर पाठवतो. तो पत्ता कुठल्या कार्डाचा, हे राउटरला काही मिनिटंच आठवतं. नंतर तो घरभर हाक मारतो, हा पत्ता कुणाचा? काही कार्डं झोपेतही ओ देतात, माझं देत नव्हतं. ओ नाही म्हणून राउटर पॅकेट टाकून देतो. म्हणजे त्या रात्री लाइट गेली नसती तरी मी व्हरांड्यातच बसलो असतो. चाचणी घ्यायची तर कॉम्प्युटर रात्री झोपवून सकाळी घ्या.

काही राउटरांत पत्ता आणि कार्ड यांची गाठ कायमची बांधून ठेवता येते. माझ्यात ती टिकेना. शिवाय बाहेरून आत येणारी वाट राउटरमध्ये उघडी ठेवणं मला आवडत नव्हतंच. आणि रिमोट डेस्कटॉपची वाट तर कुणीच इंटरनेटवर सरळ उघडी टाकू नये. ज्यांच्या ब्रॉडबँडवर एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यांना अशी वाट उघडताच येत नाही.

मी एक रास्पबेरी पाय घेतला. पत्त्यांच्या जोडाएवढा कॉम्प्युटर, मोजके वॅट खातो. तो राउटरच्या शेजारी, राउटरच्याच छोट्या यूपीएसवर, कायम जागा. बंगळूरहून मी व्हीपीएननं त्याच्यापर्यंत पोचतो, आणि घरातल्या घरात मॅजिक पॅकेट तो सगळ्यांना ओरडून सांगतो. राउटरच्या आठवणीचा प्रश्नच उरला नाही.

एक अडचण राहिली होती. कॉम्प्युटर उठायचा आणि मी पासवर्ड शोधेपर्यंत परत झोपायचा. समोर माणूस नसताना उठला तर विंडोज साधारण दोन मिनिटांत त्याला पुन्हा झोपवतं. ही वेळ पॉवर ऑप्शन्समध्ये सहसा लपवलेली असते. पॉवरसीएफजीनंच ती दिसती करता येते. मी ती वीस मिनिटं केली.

या डिसेंबरपासून आम्ही पुन्हा बंगळूरला आहोत. दर रविवारी सकाळी इथून इंदूरचा कॉम्प्युटर उठवतो, एक फाइल उघडतो आणि परत झोपवतो. बायको म्हणते, हजेरी झाली का? वहिनींकडची किल्ली मात्र परत मागितलेली नाही.