टर्बो गेला की पाइप गेला?

(जिल्हा बैठकीत झालेले भाषण)



भाव, कर्ज, वीज सोडून आज गाडीच्या रबरी पाइपावर काय बोलता, असे काहींच्या मनात आले असेल. पण उत्पादन खर्चाचा हिशेब मांडायला आपण शिकलो तेव्हा बियाणे, खत, औषध, मजुरी सगळे लिहिले. माल बाजारात नेण्याचा खर्च मात्र 'भाडे' या एका शब्दात गुंडाळून टाकला. आता तर गावोगाव पोरांनी कर्ज काढून स्वतःच्या पिकअप घेतल्या आहेत. हप्ता आपला, डिझेल आपले, आणि गाडी वाटेत बसली तर सडणारे टोमॅटोही आपलेच. मग गाडीचा हिशेब दुसऱ्या कोणी का मांडावा?

आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो ते माती आणि पिकाचे शास्त्र. इंजिनाचे शास्त्र शिकलो ते गॅरेजच्या दारात तासन्‌तास बसून. तिथे एक तक्रार सारखी कानावर येते. गाडी रिकामी असली की बरी चालते. माल भरला आणि शिंदेवाडी सोडून कात्रजच्या बोगद्याचा चढ लागला की ओढतच नाही. मागून काळा धूर, बॉनेटखालून फुस्स असा आवाज. मिस्त्री सांगतो, "टर्बो गेला." टर्बोचा आकडा ऐकून माणूस मटकन खाली बसतो.

आमच्या पाहण्यातली एक भाजीची पिकअप अशीच. एका गॅरेजने टर्बो बदला म्हणून सांगितले. मालकाच्या मुलाने दुसरीकडे दाखवली. खालच्या अंगाच्या पाइपाला बोटभर चीर होती. गाडी उभी असताना ती मिटलेली राही, दाब आला की तोंड उघडी. पाइप आणि दोन क्लिपा बदलल्या. टर्बो तोच आहे आणि गाडी माल वाहते आहे. सगळेच मिस्त्री लुबाडतात असे आम्ही म्हणत नाही. दारात सात गाड्या उभ्या असल्या की गाडीखाली शिरून पाइप चाचपायला त्यालाही वेळ नसतो. तो वेळ आपल्याला काढता येतो.

आधी ही भानगड काय आहे ते समजून घेऊ. १ किलो डिझेल पुरते जाळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. जास्त ताकद हवी तर जास्त डिझेल, आणि त्यासाठी जास्त हवा. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम धुरावर एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने हवा दाबून इंजिनात भरायची, ही युक्ती आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरची. त्याचे पेटंट १९०५ सालचे. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते. म्हणून ती पुढच्या जाळीत, म्हणजे इंटरकूलरमध्ये गार करून मग इंजिनात सोडतात. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत एक पाइप, तिथून इंजिनापर्यंत दुसरा. दाब सुमारे एक ते दीड किलो. पहिला पाइप भाजतो, दोन्ही पाइप इंजिनाबरोबर हलतात, आणि आतून इंजिनाच्या वाफेबरोबर येणारे तेल रबर मऊ करते. मग रबर टिकायचे किती?

आता नुकसान पाहा. नव्या गाड्यांत बहुधा हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरजवळ असतो. मोजलेली हवा पुढे पाइपातून गळाली तरी डिझेल मोजल्याप्रमाणेच सुटते. म्हणजे काट्यावर क्विंटल आणि पोत्यात नव्वद किलो! हा व्यवहार आपल्याला नवा नाही. उरलेले डिझेल काजळी होऊन बाहेर पडते. १३ चे ॲव्हरेज ११ वर आले असे धरा. जाऊन-येऊन ३०० किलोमीटरच्या एका खेपेला चार लिटरहून जास्त डिझेल वाया गेले. महिन्याला दहा खेपा असतील तर गुणाकार तुम्हीच करा. शिवाय कमी पडलेला दाब भरून काढायला टर्बो आणखी जोरात पळतो. पाइपाकडे दुर्लक्ष केले तर मिस्त्रीचे म्हणणे पुढे खरे होते आणि टर्बो खरोखरच जातो.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले. त्या डिझेल गाड्यांत बहुधा काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्यामुळे धूर दिसणारच नाही. डॅशबोर्डवर दिवा लागेल, गाडी आपोआप ताकद कमी करेल आणि तो फिल्टर लवकर तुंबेल. धूर नाही म्हणजे गळती नाही, असे समजू नका.

आणखी एक पाइप आहे, त्याच्याकडे कोणीच बघत नाही: एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा. इथे हवा बाहेर फुटत नाही, आत ओढली जाते. म्हणून आवाज बेताचा आणि तेलाचा डागही नाही. पण त्या चिरेतून पाणंदीची धूळ फिल्टर चुकवून थेट आत जाते. ती टर्बोची पाती खाते, मग पिस्टनच्या रिंगा खाते. दाबाच्या पाइपाची चीर डिझेल खाते. ही चीर इंजिनच खाते. आमच्या मते पहिली नजर या पाइपावर टाकावी.

तपासायचे इंजिन थंड असताना. पाइप हाताने दाबा, वाकवा, खालच्या बाजूला चिंधी फिरवा. क्लिपेजवळ भेगा, ओला तेलकट डाग, फुगून मऊ पडलेले रबर, घासून झिजलेली जागा शोधा. आत तेलाचा पातळ थर असतो, त्याला घाबरू नका. कधी कधी बाहेरून पाइप धडधाकट आणि आतला पदर सुटलेला असतो, म्हणून तो काढून आतही पाहा. नुसत्या उभ्या गाडीवर साबणाचे पाणी मारून काही दिसत नाही, कारण तेव्हा दाबच नसतो. टर्बोच्या तोंडाला बूच लावून अर्धा ते एक किलो हवा भरली तर बुडबुडे दिसतात. पंक्चरवाल्याच्या टाकीचा पूर्ण दाब मात्र सोडू नका. बूच गोळीसारखे उडते.

बदलताना आधी मोबाईलवर फोटो काढा, कोणता पाइप कुठून जातो ते कळते. क्लिप सैल करून पाइप पिळून काढा. पेचकसाने उचकटू नका. इंटरकूलरचे तोंड प्लास्टिकचे असले तर तडकते. उघड्या तोंडांत स्वच्छ चिंधी कोंबा, आणि बसवताना ती काढायला विसरू नका. पाइप काढलेलाच आहे तर टर्बोचा दांडा बोटाने हलवा. आडवा किंचित हलला तर चालते; पुढे-मागे हलत असेल किंवा पाते घराला घासत असेल तर मिस्त्री खरे बोलत होता. इंटरकूलरमधून वाटीभर तेल निघाले तर कारण शोधल्याशिवाय गाडी चालू करू नका. ते तेल ओढून इंजिन बेफाम सुटते आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. तसे झालेच तर ब्रेक दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडा.

नवा पाइप बसवताना ग्रीस नको, तेल नको. तोंड पुसून कोरडे करा. पाइप कडेच्या पुढे पुरता सरकवा आणि क्लिप कडेच्या मागे आवळा. नेमक्या कडेवर आवळलेली क्लिप पहिल्या चढाला निसटते. क्लिपाही नव्याच घ्या. पाइप पंख्याला, पट्ट्याला, सायलेन्सरला लागता कामा नये. शंभरेक किलोमीटरनंतर क्लिपा पुन्हा पाहा. पाइप वरचेवर फाटत असेल तर इंजिन माउंटिंगचे रबर बघा. इंजिन जास्त डोलत असले की कुठलाच पाइप टिकत नाही.

रेडिएटरचा पाइप कापून इथे लावू नका. ते रबर पाण्यासाठी असते, तेलाने फुगते. ट्यूबची पट्टी आणि तार गाडी रिकामी करून घरी आणण्यापुरती.

पार्ट घेताना पार्ट नंबर पाहा, पक्की पावती घ्या आणि काढलेला जुना पाइप मागून घ्या. तो तुमच्या मालकीचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले. त्यात शेतीची अवजारे आणि वाहने दोन्ही धरलेली आहेत. कंपन्यांनी दुरुस्तीची व सुट्या भागांची माहिती तिथे द्यावी, असा त्याचा हेतू. गावातल्या शिकलेल्या पोरांनी आपल्या गाडीची कोणती माहिती तिथे आहे आणि कोणती नाही, हे पाहून पुढच्या बैठकीला कागदावर आणावे.

बाहेर चार पिकअप सकाळपासून उभ्या आहेत, इंजिने गार झालेली असतील. चहा झाला की बॉनेट उघडू. चिंध्या आणि टॉर्च तालुकाप्रमुखांकडे ठेवलेली आहे.