मगनवाडीहून चीनला

वर्ध्याची मगनवाडी म्हटलं की तेलघाणी, हातकागद आठवतो. चीन कुणाला आठवत नाही. पण १९५१ साली इथलेच जे. सी. कुमारप्पा पंडित सुंदरलाल यांच्या सद्भावना मंडळासोबत चीनला गेले होते. परतल्यावर तिथे काय पाहिलं, यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं.

हे गृहस्थ कोण? लंडनमध्ये शिकलेले सनदी लेखापाल, आणि १९३४ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचे चिटणीस. काँग्रेसच्या शेतजमीन सुधारणा समितीचे अध्यक्षही तेच. १९४९ च्या अहवालात त्या समितीने सांगितलं होतं, की कसणारा आणि सरकार यांच्यामध्ये मध्यस्थ नको. त्यामुळे चीनमध्ये त्यांचं लक्ष जमिनीकडे गेलं. १९५० च्या कायद्याने तिथे जमीनदारांची जमीन कसणाऱ्यांना वाटली जात होती. कुमारप्पांना ते भावलं.

आणि बघा, त्याच वर्षी आपले पवनारचे विनोबा तेलंगणात पायी फिरत होते. १८ एप्रिलला पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डींनी १०० एकर दिले आणि भूदान सुरू झालं.

एकाच जिल्ह्यातली दोन माणसं, प्रश्नही एकच. चीनमध्ये वाटप झालं, पण जमीनदारांचे जीवही गेले. भूदानात रक्त सांडलं नाही; मात्र दानातली बरीच जमीन पडीक निघाली, बरीच वाटलीच गेली नाही.

तुमच्या गावात भूदानाची जमीन असेल, तर आज ती कोण कसतंय, हे वडीलधाऱ्यांना विचारा आणि आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.