फुकटच्या अक्षरांचे देणे

(सुवर्णमहोत्सवी समारंभात गुंजी येथे केलेले भाषण)



आमच्या शाळेच्या संगणकावर जी मराठी अक्षरे उमटतात ती आम्ही विकत घेतलेली नाहीत. तो संगणक ज्या लिनक्स प्रणालीवर चालतो तीही मोफतच. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ती लिहावयास घेतली व पुढे देशोदेशींच्या हजारो लोकांनी वाढविली. तिची घडण सर्वांना खुली आहे. कोणीही वापरावी, सुधारावी, दुसऱ्यास द्यावी. पैसा मागत नाहीत तेव्हा आपले काही देणे नाही, असेच आम्ही समजत होतो.

परंतु त्या अक्षरांत एक खोड होती. ‘गुऱ्हाळ’ लिहावे तर रफार डोक्यावर चढे. ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ यांत स्वयंपाकी कोण नि गुरुजी कोण, हेच कळेना. (मुलांना त्यात भलतीच मौज वाटे!) हिंदीत हे अक्षरच नाही, मग ही चूक त्यांच्या ध्यानात कशी यावी? सांगावयाचे ते आपणच. आणि आम्ही दोन वर्षे काय केले? कुरकुर केली, व ते शब्द टाळून प्रश्नपत्रिका काढल्या.

फाइली आवळून लहान करणारे ‘एक्सझेड’ नावाचे असेच एक मोफत साधन आहे. लासे कोलिन हे गृहस्थ ते वर्षानुवर्षे जवळजवळ एकटेच, बिनपगारी सांभाळीत होते. २०२२ मध्ये काहींनी त्यांच्यामागे सुधारणांसाठी तगादा लावला. मदतीस आलेल्या एका टोपणनावी इसमाच्या हाती कारभार गेला आणि त्याने आत चोरवाट ठेवली. तगादेवाले त्याचेच साथीदार असावेत, असा पुढे संशय आला. पण तेव्हा तो तगादा कोणास वावगा वाटला नाही, कारण वापरणाऱ्यांची रीतच तशी! चोरवाट सापडली ती आंद्रेस फ्रॉइंड यांना. दूरच्या यंत्रात प्रवेश करावयास सुमारे अर्धा सेकंद जादा लागतो, एवढेच त्यांना दिसले. त्यांनी ते सोडून दिले नाही. मुळाशी जाऊन २९ मार्च २०२४ रोजी सर्वांना कळविले.

अर्धा सेकंद! आमचे गुऱ्हाळ दोन वर्षे बिघडलेले होते.

गेल्या महिन्यात आम्ही त्या अक्षरे करणाऱ्यांना लिहिले. आठ दिवसांत उत्तर आले: आवृत्ती कोणती, चित्र पाठवा, आणखी शब्द द्या. मुले यादी करीत आहेत; वऱ्हाड, कऱ्हाड, दऱ्या झाले. आपल्या घरच्या बोलण्यात असे आणखी शब्द असतील, तर ते सोमवारपर्यंत शाळेत पोचवावेत.