कोयत्याची उचल आणि दिंडीची भिशी
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

दिंडीला शंभर वर्षं झाली. या शंभर वर्षांत दिंडीतल्या माणसाची परिस्थिती कशी पालटली, यावर चार शब्द बोला, असं आम्हाला सांगितलंय. परमार्थावर महाराज मंडळी बोलतीलच. आम्ही पडलो दिंडीची वही सांभाळणारी माणसं, तेव्हा हिशोबाचं बोलतो. देवाच्या दारात पैशाचं कशाला काढता, असं कुणाच्या मनात येईल. पण तुकोबारायांनी धनावर केलेला अभंग तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे. धन जोडूच नका, असं त्यात कुठंच म्हणलेलं नाही. कोणत्या वाटेनं जोडावं आणि जोडल्यावर मन कसं ठेवावं, ते सांगितलंय.

आणखी एक गोष्ट आपण कीर्तनातून ऐकतो. तुकोबारायांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. पण सगळी नाही बुडवली. धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा हिस्सा वेगळा काढून त्यांच्या हातात दिला आणि आपल्या वाटणीची तेवढी बुडवली, असं सांगतात. म्हणजे वैराग्य आलं ते स्वतःपुरतं, भावाच्या चुलीला त्यांनी हात लावला नाही. म्हणून पोटासाठी घर सोडणाऱ्या माणसाला आम्ही "पैशाचा मोह सोड" म्हणणार नाही. त्याला मोह करायला तरी आधी पैसा पाहिजे ना.

आता वहीकडं या. दिंडी निघाली तेव्हा आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. बाजारात हाली रुपया चालायचा. दिंडीच्या भिशीत मात्र रुपया कमी आणि धान्य जास्त. कुणाची पायलीभर ज्वारी, कुणाची शेरभर डाळ, ज्याच्याकडं काहीच नाही तो सरपण फोडायचा, पाणी भरायचा. १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं, तरी भिशीत ज्वारीच येत राहिली. फरक पडला तो १९७२ च्या दुष्काळानंतर. त्या साली बाप-आजे खडी फोडायला गेले, सुकडी खाऊन दिवस काढले. आणि मग जे लोक कोयता घेऊन खाली पश्चिमेकडं गेले, ते दरसाल जातच राहिले. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, पार कर्नाटकापर्यंत. शिरूर, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, केज या आपल्या डोंगरपट्ट्यात असं गाव सापडायचं नाही, जिथून टोळी निघत नाही.

दसरा झाला की टोळ्या हलतात. कार्तिकी एकादशीला आपली निम्मी दिंडी कुठल्या तरी फडात मोळ्या बांधत असते. माघी तिथंच, कधी कधी चैत्रीसुद्धा. आषाढी तेवढी सापडते, कारण तेव्हा कारखाना बंद असतो. पैठणहून नाथांची पालखी पाटोद्यावरून पुढं जाते, मुक्ताईची बीडमधून जाते, त्यांच्यामागं चालणाऱ्यांचे हात पाहा कधी. टाळ धरलेल्या तळहाताला कोयत्याचे घट्टे असतात. आपल्या भाषेत फड शब्द दोन्हीकडं आहे, वारकऱ्यांचा फड आणि उसाचा फड. सहा महिने या फडात, महिनाभर त्या फडात, असं आपलं आयुष्य.

उचल म्हणजे काय, ते इथं कुणाला शिकवायला नको. पण गणित मांडून बघणारी माणसं थोडी, म्हणून मांडतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. टनाला ३६६ रुपये धरा. जोडप्यानं दिवसाला दोन टन तोडला तर ७३२ रुपये झाले, तेही पहाटेपासून रात्री गाडी भरेपर्यंत दोघांचे मिळून. हंगामात १२० दिवस काम मिळालं, एकही खाडा पडला नाही, तर ८७,८४० रुपये. आता घरात एक लाखाची उचल आली असेल तर? हंगाम संपला तरी १२,१६० रुपये अंगावर. यात मीठ-मिरची, दवाखाना, मोबाईलचं रिचार्ज काहीच धरलं नाही. ती बाकी फेडायला पुढच्या दसऱ्याला पुन्हा त्याच मुकादमाच्या दारात जायचं. उचल पन्नास हजारांची असती, तर त्याच घामाचे ३७,८४० हातात आले असते.

कोयत्यातून बाहेर पडलेली जी घरं वहीत दिसतात, त्यांनी जास्त ऊस तोडला असं काही नाही. टनेज सगळ्यांचं जवळपास सारखंच. त्यांनी दरसाल उचल थोडी थोडी कमी केली. आमच्या दिंडीतल्या एका माऊलीची गोष्ट सांगतो, नाव नको, ती समोरच बसलीय. फडात वाढ्याचे भारे विकून जे रोजचे पैसे येतात, त्यावर बहुतेक घरांचा आठवड्याचा बाजार होतो. या बाईनं त्यातले निम्मे बाजूला काढायला सुरुवात केली. नवरा माळकरी, म्हणजे दारूचा खर्च नव्हता, ही मोठी गोष्ट. पाडव्याला गावी आली की त्या पैशांच्या दोन शेळ्या घ्यायची. दसऱ्याआधी बोकड विकायचे आणि तेवढी उचल कमी घ्यायची. पाच-सहा सालांत उचल निम्म्यावर आली. मुकादम म्हणला, "अहो मावशी, जास्ती घ्या की, लागतंय ना." बाई म्हणली, "लागतंय, पण तुमच्याकडून नको."

उचल कमी झाली तशी तिला एक मोकळीक मिळाली. मोठी पोरगी बरोबर न्यायची गरज उरली नाही. लेकरू फडात नेलं की ते धाकट्याला सांभाळतं, पाणी आणतं, पाचट ओढतं, म्हणजे कामाचाच एक हात असतो. पोरगी आजीजवळ गावात राहिली, परीक्षेपर्यंत शाळेत बसली. आज ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिच्या पहिल्या पगारातून दिंडीला भिशी आली, ती वहीत लिहिताना आम्हाला जे वाटलं ते जाऊ द्या. ती बाई आजही तशीच साधी, फक्त कोपीत राहत नाही, स्लॅबच्या घरात राहते.

संत भगवानबाबांचा जन्म १८९६ चा, आपल्या पाटोदा तालुक्यातल्या सावरगाव घाटचा. पोटाला चिमटा घ्या पण लेकरं शिकवा, हा त्यांचा आग्रह आपण लहानपणापासून ऐकत आलोय. गाडगेबाबा तर झाडू हातात घेऊन सांगायचे की कर्ज काढून सण करू नका, देवाला कोंबडं-बकरं नको, पोराला पाटी द्या. त्यांनी पंढरपुरात धर्मशाळा बांधल्या, स्वतःसाठी मात्र झोपडीही बांधली नाही. ही दोन माणसं आपल्याच वाटेवरची. त्यांच्या तसबिरीला हार घालतो आपण, आणि लग्नात डीजे लावायला दीड लाखाची उचल घेतो.

पण सगळा दोष उधळपट्टीवर टाकायला आम्ही तयार नाही. काटकसर करूनही बुडालेली घरं आम्ही पाहिलीत. २०१९ साली सरकारच्या समितीनं आपल्या जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत खाडा नको, दुखणं घेऊन फडात उभं राहावं लागू नये, कुणी भीती घातली म्हणून. आणि ऑपरेशनचे पैसे कुठून आले? पुन्हा उचल. चार सालांची बचत एका दवाखान्यात गेली आणि कंबर कायमची गेली ती वेगळीच. तेव्हा माय-माऊल्यांनो, अंगावरचं दुखणं लपवू नका. आधी सरकारी दवाखान्यात दाखवा, दुसऱ्या डॉक्टरचंही मत घ्या, मग काय ते ठरवा.

दुसरी जखम ताजी आहे. जादा व्याजाच्या आशेनं लोकांनी मल्टिस्टेट पतसंस्थांत पैसे ठेवले आणि त्यातल्या काहींना कुलपं लागली. म्हाताऱ्यांनी पोरीच्या लग्नाचे ठेवले होते, ऊसतोडीचे ठेवले होते. आम्ही कुणाचं नाव घेत नाही, प्रकरणं कोर्टात आहेत. एवढं मात्र ध्यानात ठेवा. बँक सरकारी असो, खाजगी असो की सहकारी, एका बँकेत माणशी पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. पतसंस्थेला तो विमा नाही, मग तिची पाटी कितीही मोठी असो आणि आतली गादी कितीही मऊ असो. गावात पोस्ट आहे. व्याज कमी वाटतं, पण रात्री झोप लागते.

आता थोडं कडू बोलतो. कोयत्यातून वर आलेले सगळेच मास्तर, नर्स, पोलीस झाले असं नाही. काही जण मुकादम झाले, ट्रॅक्टरवाले झाले. आपल्यातलाच माणूस मोठा झाला, आनंद आहे. त्यालाही कारखान्याचं देणं असतं, टोळी पळाली तर तोही रस्त्यावर येतो, हे आम्ही जाणतो. पण ज्यानं स्वतः बाकी अंगावर घेऊन रात्री काढल्या, त्यानं आपल्या टोळीतल्या आजारी बाईचा खाडा लावताना दोनदा विचार करावा. इथं पाया पडताना आपण वय बघत नाही, जात बघत नाही, समोरचा माऊली म्हणून पायावर डोकं ठेवतो. वारीतून परत आल्यावर चार महिन्यांत त्याच माऊलीला शिवी देऊन गाडी भरायला उठवायचं, हे माळेला शोभत नाही. शिकून शहरात गेलेल्यांनाही एक सांगणं आहे. पंगतीला खुर्ची मागू नका. आपली पंगत जमिनीवरच बसते.

आता मुद्द्याचं. शताब्दीसाठी देणग्या जमल्या. वेशीत दगडी कमान बांधावी असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. तीन बैठका झाल्या, आवाजही चढले. शेवटी ठरलं की कमान थांबेल. का, तर दिंडीची भांडी. आपल्याकडं मोठी पातेली आहेत, पराती आहेत, शेगड्या आहेत, तीनशे माणसांचा स्वयंपाक पावसात, चिखलात, उघड्यावर करणारी माणसं आहेत. हे सगळं आषाढीपुरतं निघतं आणि बाकीचे महिने मंदिराच्या मागच्या खोलीत पडून राहतं. आणि त्याच महिन्यांत गावातली लेकरं आई-बापामागं फडात जातात, कारण मागं राहिली तर जेवायला कोण घालणार.

सरकारची हंगामी वसतिगृहं आहेत, ती कधी वेळेवर सुरू होतात, कधी होत नाहीत. संत भगवानबाबांच्या नावानं ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना २०२१ ला जाहीर झाली. तिथं जागा मिळेल त्या लेकरांनी जरूर जावं, फॉर्म भरायला आम्ही मदत करू. पण ज्याला तिथं जागा नाही, ज्याची आजी थकलीय, त्यानं कुठं जावं? यंदा दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत आपल्या मंदिराच्या सभामंडपात अशा लेकरांना दोन वेळचं जेवण मिळेल. संध्याकाळी हरिपाठ, मग अभ्यास. गावातल्या दोन निवृत्त गुरुजींनी बसायचं कबूल केलंय. पोरी आपापल्या आजीकडं किंवा शेजारी झोपतील, रात्री त्यांना घरी सोडायची जबाबदारी चोपदारांवर. आई-बापानं फुकट ठेवायचं नाही. वारीला जशी भिशी देतो तशी इथंही द्यायची, लेकरामागं पायलीभर ज्वारी किंवा जमेल ते. ज्याला तेही जमत नाही त्यानं पाडव्याला आल्यावर मंदिराचं काम करावं, शंभर वर्षांपूर्वीही आपली रीत हीच होती.

पहिल्या साली चाळीस लेकरांची सोय होईल. त्याहून जास्त नावं आली तर आठवी ते दहावीची आधी घेऊ, त्यातही पोरी आधी, कारण शाळा सुटते ती त्यांचीच लवकर सुटते. बचत गटाच्या बायांनी पीठ-मिठाचा हिशोब पाहायचं ठरवलंय, आणि तो हिशोब दर एकादशीला मंदिराच्या फळ्यावर लागेल. देणाऱ्याचं नाव मात्र फळ्यावर लागणार नाही.

महाप्रसादाची पंगत बसायला अजून अर्धा तास आहे. वही विणेकऱ्यांच्या शेजारी उघडी ठेवलीय. ज्यांची टोळी यंदा जाणार आहे त्यांनी लेकरांची नावं, इयत्ता आणि आजी-आजोबांचं नाव लिहून द्यावं. लिहिता येत नसेल तर सांगा, आम्ही लिहून घेतो. आणि ज्यांच्याकडं जुनी सतरंजी, चांगला कंदील किंवा चार्जिंगची बॅटरी असेल, त्यांनी ती द्यावी, आपल्याकडं संध्याकाळी लाईट जाते. रामकृष्ण हरी.